लॉन राहू दे, तरवड लाव

पाटोदा, जि. बीड

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

लातूरच्या नव्या घराचे फोटो बघितले. घर झकास झालंय. पण समोर ते लॉन कशाला घालतोयस, लेका? २०१६च्या एप्रिलात ज्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून पाजावं लागलं, तिथं तू रोज संध्याकाळी गवतावर पाइप धरून उभा राहणार?

म्हणून पाकिटात बी पाठवतोय. तरवडाचं आहे. हसू नकोस. बरडावरचं झुडूप अंगणात कोण लावतं, असं वहिनीही म्हणतील. पण मग गलांड्याचं काय? तोही मूळचा अमेरिकेतल्या कोरड्या माळांवरचाच. तिकडं ओक्लाहोमानं त्याला राज्याचं रानफूल केलंय आणि इकडं आपण त्याचे हार ओवतो. त्याचं बी दुकानात मिळतं, एवढ्यानंच तो बागेतला झाला. तरवड फुकट उगवतो, म्हणून त्याला कुणी विचारत नाही. नवरात्रात घटाला माळ घालायची वेळ आली की मात्र सगळे पिशव्या घेऊन माळावर हजर! देगलूर ओलांडून पलीकडं तेलंगणात गेलास तर तिथं त्याचा थाट बघ. तो त्यांचं राज्यफूल आहे, बतुकम्मा या त्यांच्या सणातल्या फुलांच्या रचनेत तरवड आणि कुरडू हवेतच.

पहिला बहर आला की सकाळी चहा घेऊन झुडपापाशी बस. फुलात दहा पुंकेसर असतात, पण सारखे नाहीत. तीन चांगलेच मोठे आणि वाकडे. त्यांचे परागकोश उभे फाटत नाहीत, टोकाला बारीक छिद्र असतं तेवढंच. मोठा काळा भुंगा येतो, फुलाला लटकतो आणि अंग थरथरवतो. त्याची गुणगुण एकदम बदलते, ती ऐकू येते बघ. त्या थरथरीनं पराग छिद्रातून उडतो आणि त्याच्या अंगावर बसतो. फुलात मध नाही. भुंगा येतो तो परागासाठीच. मला तरी हा खेळ टीव्हीपेक्षा बरा वाटतो.

आता लावायचं कसं ते सांगतो. बियाचं कवच टणक असतं. एका बाजूनं खरबरीत दगडावर जरासं घास, नाहीतर त्यावर कढत पाणी ओत आणि रात्रभर तसंच भिजू दे. पिशवीत रोप करायच्या भानगडीत पडू नकोस. याचं सोटमूळ लवकर खोल जातं, मोठं रोप उपटून लावलं तर ते रुसतं. मृगाचा पाऊस झाला की थेट जागेवरच दोन-तीन बिया टोक आणि पुढं त्यातलं जोमदार तेवढं ठेव.

खरी काळजी तुझ्या काळ्या मातीची आहे. आमच्या बालाघाटाच्या मुरमात तरवडाला काही करावं लागत नाही, पण तुमच्याकडं पाणी तुंबलं की मूळ कुजणार. तेव्हा कुंपणालगत मुरूम टाकून वीत-दीड वीत उंच वरंबा कर. ऊन दिवसभर पाहिजे. पहिल्या वर्षी उघडीप पडली तर थोडं पाणी दे, पुढं त्याचं तो बघतो. खत-पाण्याचे लाड केलेस तर नुसता पाला माजेल. उंची माणसाच्या डोक्यापर्यंत किंवा थोडी वर जाते. बहर ओसरला की छाटून टाक, पुन्हा फुटतो.

पावसाळ्यात पानांवर हिरव्या अळ्या दिसतील. वहिनी औषध फवारायला निघतील, त्यांना थांबव. त्या पिवळट-पांढऱ्या फुलपाखरांच्या अळ्या असतात. पाला खातील, खाऊ दे. पाऊस चालू आहे तोवर नवी पालवी येतेच. अरे हो, याची साल पूर्वी चामडं कमवायला जायची. मद्रासकडं तर तिच्यावर मोठा धंदा चालायचा. तुझ्या कुंपणाला तो धोका नाही म्हणा.

लॉनवाल्याला आगाऊ पैसे दिले नसशील तर लगेच फोन कर. दिले असशील तर मागच्या अंगणात तेवढा तुकडा घालू दे, पण पुढची बाजू मोकळी ठेव. आणि मुरमाची ट्रॉली रोहिणी निघायच्या आत टाकून घे, नंतर त्या गल्लीत चिखलानं ट्रॅक्टर शिरायचा नाही.

काकूंना नमस्कार सांग. पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
बाळू