मधपेटीच्या भागांची नावे : केंद्रीय कृषिमंत्र्यांना बडोद्याहून खुले पत्र

मा. केंद्रीय कृषी व शेतकरी कल्याण मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली यांस,

सविनय नमस्कार.

मधमाशीपालन व मधाच्या राष्ट्रीय अभियानासाठी केंद्र सरकारने २०२० मध्ये ५०० कोटी रुपयांची तरतूद जाहीर केली, याचे बडोद्याजवळ पेट्या ठेवणारा एक मधपाळ म्हणून मला मनापासून समाधान आहे. या पत्रात मी निधीविषयी काही मागत नाही. मधपेटीच्या भागांना प्रशिक्षणात जी नावे शिकवली जातात, ती एक तर इंग्रजीतून जशीच्या तशी आलेली असतात, नाही तर कोणी तरी टेबलाशी बसून घडवलेली असतात. ही नावे कायमची ठरण्याआधी लोकांच्या तोंडची नावे त्यांच्या व्युत्पत्तीसह गोळा करून घ्यावीत, एवढीच माझी विनंती आहे.

आजची पेटी लँगस्ट्रॉथ या अमेरिकन धर्मोपदेशकाची. माश्या साधारण ६ ते ९ मिलिमीटरची फट पोळ्याने भरत नाहीत आणि चिकटवूनही टाकत नाहीत, हे ओळखून त्याने, माश्या ज्यांत पोळे बांधतात अशा सुट्या, उचलून काढता येणाऱ्या लाकडी चौकटींची पेटी बनवली आणि १८५२ मध्ये तिचे पेटंट घेतले. या पेटीबरोबर आपल्याकडे आलेले इंग्रजी शब्द फार विद्वत्तेचे आहेत असा आपला समज असतो; पण मधाच्या कोठीला म्हणतात तो ‘सुपर’ म्हणजे लॅटिनमध्ये नुसते ‘वर’, आणि चौकट ज्या दोन टोकांवर पेटीत लटकते त्यांचे नाव ‘लग’, म्हणजे स्कॉटलंडकडच्या बोलीत कान. माझ्या पेट्या करणाऱ्या सुताराला यातले काही ठाऊक नव्हते. एका चौकटीचे टोक आखूड झाले होते, तेव्हा पट्टीने मोजून तो म्हणाला, “हिचा कान तुटका आहे, ही आत पडेल.” कढईला कान असतात, म्हणून चौकटीलाही कान. दोन देशांतल्या कारागिरांनी एकाच वस्तूकडे पाहून एकच नाव ठेवले, आणि आमच्या प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत मात्र या भागाला नावच नाही.

याहून मोलाचा शब्द मोहोळ काढणाऱ्यांकडे आहे. फुलोरी या लहान रानमाशीचे पोळे फांदीला लटकलेले असते, आणि फांदीभोवती जिथे ते जाड होऊन फुगते तिथे मध असतो. त्या भागाला ते ‘कांदा’ म्हणतात. खालच्या पातळ भागात अंडी, अळ्या आणि बंद घरे असतात. जाणता माणूस कांदा तेवढा कापून घेतो आणि पिल्लांचा भाग फांदीशी जपून ठेवतो. मध वर आणि पिल्ले खाली, ही माशीची मूळ मांडणी. तिच्याच आधारावर पेटीत पिल्लांची कोठी तळाशी आणि मधाची कोठी तिच्यावर रचलेली असते. ज्याला ‘कांदा’ ठाऊक आहे त्याला मध घेताना खालच्या कोठीला हात का लावायचा नाही, हे एका वाक्यात कळते. ‘सुपर’ या शब्दापासून आरंभ केला, तर तीच गोष्ट त्याला पाठ करावी लागते.

काही ठिकाणी आपल्याकडे शब्द नाही, त्यालाही कारण आहे. ‘प्रोपोलिस’ हा ग्रीक शब्द. त्याचा अर्थ ‘नगरापुढचे’, कारण युरोपीय माशी झाडांचा चिकट स्राव आणून पोळ्याचे दार त्याने अरुंद करते. पेटीत पाळली जाणारी आपली देशी सातेरी माशी तो जवळजवळ गोळाच करत नाही, त्यामुळे सातेरी पाळणाऱ्याला त्या वस्तूचे नाव कधी लागले नाही. युरोपीय माशी १९६० च्या दशकात आपल्याकडे स्थिरावल्यावर ती गरज पडली. अशा ठिकाणी ग्रीक शब्दच घ्यावा, त्याला माझी हरकत नाही. मात्र तो कशावरून आला, हे शिकवावे.

मेणाची गोष्ट तर आमच्या शहराच्या फार जवळची आहे. संस्कृतात मेणाला ‘मदन’ असाही शब्द आहे. प्राकृतात त्याचे ‘मयण’ झाले, त्यातून मराठीत ‘मेण’ आले, आणि गुजरातीतले ‘मीण’ त्याच घरातले. हिंदीतला ‘मोम’ फारसीतून आलेला आहे. एकच हिंदी पुस्तिका सगळीकडे वाटली, की शेजारी राहणाऱ्या मराठी आणि गुजराती मधपाळांना आपसात सहज कळणारा शब्द बाजूला पडतो आणि दोघेही तिसराच शब्द शिकतात.

हे काम अवघड आहे असे बडोद्याच्या माणसाला तरी वाटू नये. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या राज्याने १९३१ मध्ये ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा राज्यकारभाराच्या शब्दांचा कोश प्रसिद्ध केला. त्यात इंग्रजी, गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली असे आठ भाषांतले शब्द शेजारीशेजारी मांडलेले आहेत. एका संस्थानाला जे जमले, ते भारत सरकारला मधपेटीच्या मोजक्या भागांसाठी नक्कीच जमेल.

तेव्हा माझी विनंती अशी की, अभियानातल्या प्रत्येक प्रशिक्षण वर्गात पेटी उघडून, एकेका भागावर बोट ठेवून, “तुम्ही याला काय म्हणता?” हे आधी विचारले जावे आणि आलेले उत्तर जिल्ह्याच्या नावासह लिहून ठेवले जावे. मोहोळ काढणारे आदिवासी बांधव, पेट्या करणारे सुतार आणि मध गाळणाऱ्या बायका यांना त्यासाठी मुद्दाम बोलवावे. पुढच्या पुस्तिकेत प्रत्येक भागाच्या चित्राखाली हे शब्द आणि त्यांची व्युत्पत्ती छापावी, आणि ती पुस्तिका गुजराती व मराठी या दोन्ही भाषांत काढावी.

आपला नम्र,
बडोद्याचा एक मधपाळ