गळ्यातली किल्ली

प्रिय आई-बाबा,

फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी मध्येच तोडलं असतं, म्हणून लिहितेय. तुमची बिलं आणि औषधांचे पैसे यापुढे ऑनलाइन भरायचे, असं मी ठरवलंय. ठरवलंय म्हणजे करूनही टाकलंय. माझ्या नावावर वेगळं छोटं खातं काढलं, त्याचंच कार्ड ॲपला जोडलं. तुमच्या ठेवींना धक्का नाही. बाबा, रागावू नका. तुम्ही गुडघा धरून रांगेत उभे असता, हे मला शेजारच्या काकूंकडून कळावं?

कार्डाचा नंबर असा उघड्यावर कसा टाकायचा, असं तुम्ही विचारलं होतंत. तो उघडा जातच नाही. आधी आपला फोन आणि दुकानाचा सर्व्हर, म्हणजे तिकडचा संगणक, मिळून एक गुप्त किल्ली ठरवतात, आणि मधे कान लावून बसलेल्यालाही ती कळत नाही. ही युक्ती डिफी आणि हेलमन या दोन संशोधकांनी १९७६ साली मांडली. तुम्ही गणितात रमणारे, म्हणून सांगते: किल्ली निदान १२८ बिटांची, म्हणजे ० किंवा १ अशा १२८ आकड्यांची असते; शक्यता २ चा १२८ वा घात! नंबर या किल्लीने कुलूपबंद होऊनच निघतो; वाटेत कुणी पकडलाच, तर हाती नुसता गिचमिड काला. शिवाय कार्डामागचे तीन आकडे दुकानाने पैसे मिळाल्यावर साठवायचेच नाहीत, असा कार्ड कंपन्यांचा नियम आहे.

आई, त्या दुपारचं अजून मनाला लावून घेतेस ना? तेव्हा कुलूप फुटलंच नव्हतं गं. त्या माणसाने गोड बोलून ओटीपी काढून घेतला. तू मला तीनदा फोन केलास, मी उचलला नाही. चूक माझी जास्त. लहानपणी घराची किल्ली दोऱ्यात ओवून माझ्या गळ्यात घालायचीस, ‘कुणी मागितली तरी द्यायची नाही’ म्हणून. ओटीपी म्हणजे तीच किल्ली समज. बँकेचं नाव सांगून मागितला तरी द्यायचा नाही.

मेसेजमधल्या लिंकवरून पैसे भरायचे नाहीत. ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी दिसणारं कुलपाचं चिन्ह भामट्यांच्या पानावरही असू शकतं, त्यामुळे नुसतं कुलूप पाहून विश्वास ठेवू नका. बाबा, फोनचं अपडेट ‘नंतर’वर ढकलणं बंद. पहिलं बिल रविवारी भरू, मी व्हिडिओ कॉलवर असेन. सावकाश करा, घाई नाही.

आणि रांगेतल्या मित्रांना भेटायला जरूर जा. बसून बोला फक्त.

तुमची,
छकुली