पेपर मराठीत लिहा म्हणता, मग पुस्तकं कुठायत?

संपादक साहेब, नमस्कार.

यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) एप्रिल २०२३ मध्ये विद्यापीठांना सांगितलं की कोर्स इंग्रजी मिडियमचा असला तरी पोरांना परीक्षेत आपल्या भाषेत लिहू द्या. चांगलंच आहे, पण मी मुंबईत बीकॉमला इकॉनॉमिक्स शिकवते आणि रोज बघते, नुसत्या परवानगीने काही होत नाही. वाचायलाच मराठीत धड पुस्तक नाही तर पोरं लिहिणार काय?

आपल्या महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड, इंग्रजी अशा आठ माध्यमांच्या, आणि तीच पोरं डिग्री कॉलेजला आली की एकदम सगळं इंग्रजीत! माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई भाजी विकते. मागणीची लवचिकता, म्हणजे भाव बदलला की मागणी किती बदलते ते, शिकवत होते तर ही पटकन म्हणाली, "मॅडम, कोथिंबीर महागली की गिऱ्हाईक जुडी परत ठेवतं, पण मीठ महागलं म्हणून कोणी अळणी जेवत नाही." यापेक्षा चांगलं उत्तर काय असतं सांगा! तिनेच पेपरात गाइडमधल्या इंग्रजी तीन ओळी घोकून लिहिल्या, त्यातली मधली गाळलेली, आणि मार्क गेले.

हैदराबादला १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ उर्दूतून सुरू झालं, पुढे मेडिकलसुद्धा उर्दूतून शिकवलं, कारण पुस्तकं तयार करायला भाषांतराचं खातं आधीच उभं केलं होतं. आपल्याकडे उलटं. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत प्राध्यापकाच्या प्रमोशनसाठी धरतात ते पॉइंट बघा, अख्ख्या पुस्तकाच्या भाषांतराला ८ आणि आर्ट्स-कॉमर्सवाल्यांच्या एका रिसर्च पेपरला १०, मग प्रमोशन डोक्यावर असताना कुठला प्राध्यापक वर्ष-दोन वर्षं पुस्तकात घालवेल? हे खरं दुखणं आहे आणि त्यावर कोणी बोलत नाही.

इंग्रजी नको असं मी अजिबात म्हणत नाहीये, ते उलट नीट शिकवा, नोकरीला लागतंच. पण विषय आधी डोक्यात तर शिरू दे. आणि हे फक्त मराठीपुरतं नाही, माझ्या वर्गात उर्दू माध्यमाच्या मुलीही आहेत, त्यांचंही तेच होतं.

विद्यापीठाने एफवायच्या (पहिल्या वर्षाच्या) अकाउंट्स आणि इकॉनॉमिक्सपासून तरी सुरुवात करावी, लिहिणाऱ्यांना रीतसर मानधन द्यावं, पुस्तकं वेबसाइटवर फुकट टाकावीत. लिहायला मी तयार आहे, माझ्या ओळखीचे आणखी काही प्राध्यापकही आहेत.

— एक प्राध्यापिका, दादर