बेंजीच्या पानांत सोबत करणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

विल्यम फॉकनर यांची १९२९ साली प्रसिद्ध झालेली ‘द साउंड अँड द फ्युरी’ ही कादंबरी मी शेवटपर्यंत वाचली, याचे श्रेय आपल्याला आहे.

पहिला भाग तेहतीस वर्षांच्या बेंजीचा. त्याला बोलता येत नाही, काल आणि आज हा भेदही त्याच्या मनात नाही. त्यामुळे कुंपणाच्या खिळ्यात कपडा अडकताच तो लहानपणीच्या एका थंडीच्या दिवसात जाऊन पोहोचतो आणि वाचकाला मात्र कोणी काही सांगत नाही. त्यात क्वेंटिन नावाचे एक मामा आणि एक भाची! सारांश वाचून हा भाग ओलांडावा, असा सल्ला मला बऱ्याच जणांनी दिला होता. आपण एवढेच सुचवलेत की, त्या प्रसंगात बेंजीला कोण सांभाळत आहे ते पाहावे: वर्श असेल तर बेंजी लहान आहे, टी. पी. असेल तर वयात येत आहे आणि लस्टर असेल तर १९२८ चा एप्रिल चालू आहे. (काळ बदलतो तिथे शाईचा रंग बदलावा, अशी फॉकनर यांची कल्पना होती. ती तेव्हा अमलात आली नाही हे बरेच झाले, कारण रंग पाहून मी नुसत्या तारखा लावत बसले असते.)

या खुणेने प्रसंगांचा क्रम तर लागलाच, पण त्याहून मोठी गोष्ट हळूहळू दिसू लागली. वर्श आणि टी. पी. ही घरची स्वयंपाकीण डिल्सी हिची मुले, लस्टर तिचा नातू. म्हणजे बेंजीच्या कॉम्प्सन घराण्याचा काळ मोजायचा तो त्यांच्याकडे राबणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबाच्या पिढ्यांवरून, आणि घरातल्या तिन्ही निवेदकांना (बेंजी आणि त्याचे भाऊ क्वेंटिन व जेसन) याची जाणीव नाही. ईस्टरच्या रविवारी घडणारा चौथा भाग डिल्सीच्या जवळ का येतो, हे मला त्यामुळेच उमगले. सारांशात हे सापडले नसते.

क्वेंटिनच्या भागात विरामचिन्हे गळून पडू लागतात, तिथे मोठ्याने वाचण्याची आपली सूचनाही उपयोगी पडली.

जेसनचा भाग सोपा आहे, असे आपण म्हणाला होतात. भाषा सोपी आहे खरी. परंतु त्याच्या कडवट विनोदाला आपण हसत आहोत हे ध्यानात आल्यावर मला पुढची पाने फार जड गेली. याविषयी आपल्याशी सविस्तर बोलण्याची इच्छा आहे.

आपली कृतज्ञ विद्यार्थिनी