भुताचा नियम सांगा, स्टार नकोत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या वाचकपत्रांत एका गृहस्थांनी लिहिलं होतं, की मराठी माणसाला भयपट पचत नाहीत आणि बायकांना तर मुळीच नाहीत. हे गृहस्थ संध्याकाळी सहा ते आठ पिठाच्या गिरणीत कधी उभे राहिलेले दिसत नाहीत.

डोंबिवली पूर्वेला आमची गिरणी आहे. सकाळी आमचे हे असतात, संध्याकाळी मी. बायका डबे रांगेला लावून बाकावर टेकतात. पूर्वी मालिकांवर बोलणं व्हायचं, आता सिनेमांवर, त्यातही भुताखेतांच्या. गिरणी चालू असताना बोलायचं म्हणजे ओरडूनच, त्यामुळे कोणाचंच मत लपून राहत नाही.

'तुंबाड' २०१८ साली आला तेव्हा आम्ही बघू बघू म्हणेतो थिएटरातून उतरलासुद्धा. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला, तेव्हा सुनेने तिकिटं काढली. पहिल्या खेपेपेक्षा दुसऱ्या खेपेला त्याने जास्त धंदा केला म्हणतात, त्यात आमची चार तिकिटं आहेत. सगळे जण पाऊस, वाडा, अंधार यांचं कौतुक करतात. मी अडकले ते पिठात. त्यातल्या हस्तर नावाच्या देवाला सोनं मिळालं, पण धान्य मिळालं नाही. म्हणून तो भुकेला. सोन्यासाठी त्याच्या जागी खाली उतरणाऱ्याने पिठाचं रिंगण आखायचं, पिठाची बाहुली पुढे टाकायची आणि तो ती खातोय तेवढ्यात त्याच्या लंगोटातली नाणी पाडून घ्यायची. रिंगण त्याला ओलांडता येत नाही. एवढं एकदा कळलं, की पुढे भुताला काही करावंच लागत नाही. आपण त्या माणसाच्या हाव सुटलेल्या हाताकडेच बघत बसतो. दिवसाला मणभर पीठ माझ्या हाताखालून जातं, पण त्या रात्री घरी येऊन कणीक मळताना जरा बिचकले, खोटं कशाला सांगू!

आणि हे सगळं आलं कुठून? दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना बीज मिळालं भयकथाकार नारायण धारपांच्या कथेतून, नाव आलं श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून. दोघेही आपलेच. माझे वडील गावच्या वाचनालयातून धारप आणायचे आणि उशीखाली लपवायचे. आम्ही भावंडं ते दुपारी काढून वाचायचो, रात्री वाचायची हिंमत नव्हती. सिनेमा मात्र हिंदीत झाला. तेव्हा पचनाचा दोष नक्की कोणाचा, प्रेक्षकाचा की पैसे लावणाऱ्याचा?

परवा ज्वारी घेऊन आलेल्या एक ताई 'छोरी' पाहून भारावल्या होत्या. "हिंदीवाले बघा कसं करतात, आपल्याकडे सुचतं का कोणाला?" मी गिरणीच बंद केली. म्हटलं, ताई, हा आपला 'लपाछपी', २०१७ चा. तेच उसाचं रान, तशीच पोटुशी बाई, आणि दिग्दर्शक विशाल फुरियाही तेच. चार वर्षांनी त्यांनीच हिंदीत केला. ताईंचा विश्वास बसेना. पुढच्या दळणाला आल्या तेव्हा आपण होऊन म्हणाल्या, "मराठीच जास्त लागला. त्या उषा नाईक गोड बोलायला लागल्या की पोटात गोळा येतो."

'मुंज्या'ने मात्र बाकावर दोन तट पाडले. पोरं खूश. साठीच्या पुढच्या सगळ्या नाराज, हा मुंजा की कार्टून? मला अर्धा आवडला. मुंज झालेला पोर लग्नाआधी गेला तर पिंपळावर राहतो, हे आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. सिनेमात तो दिसतो फक्त स्वतःच्या रक्ताच्या माणसाला. म्हणजे मित्राला ओढत नेऊन दाखवायची सोय नाही. इथवर उत्तम. पण शेवटाकडे सगळी नुसती पळापळ आणि आवाज. गिरणीने माझे कान आधीच अर्धे नेलेत, तरी थिएटरात कानात बोटं घालावी लागली. 'मुंज्या'चेच दिग्दर्शक आदित्य सरपोतदार, त्यांचा डोंबिवलीतल्या झोंबींवरचा 'झोंबिवली' आम्ही २०२२ मध्ये आपल्या गावचा म्हणून हौसेने पाहिला. घाबरलं कोणीच नाही. पाण्यावरून माणसं एकमेकांच्या अंगावर धावताना आम्ही सोसायटीत फुकट बघतो.

माझं माहेर वेंगुर्ले तालुक्यातलं. आरवलीच्या वेतोबाला चामड्याच्या मोठाल्या चपला वाहतात. तो रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून त्यांचे तळ झिजतात, अशी श्रद्धा. आजी आम्हाला त्या चपला दाखवायची. वेतोबाला कधी पाहिलं नाही, चपलांचे तळ पाहिले, तेवढ्यावर अंगावर काटा यायचा. तिन्हीसांजेला पिंपळाखालून जायचं नाही, कोणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, असं सगळं ठरलेलं. आता सिनेमात अंधारात अचानक तोंड पुढे येतं आणि ढोल वाजतो. त्याने दचकायला होतं. दचकणं तर कुकरच्या शिट्टीनेही होतं.

तेव्हा आपल्या सिनेमाच्या पानाला एक विनंती. अडीच स्टार, तीन स्टार यातून आम्हाला काही कळत नाही. भयपटाचं परीक्षण लिहिताना त्या भुताला काय हवंय आणि ते कशाने अडतं, एवढं लिहावं. ते लिहिता येत नसेल तर सिनेमात नाही असं समजून आम्ही पैसे वाचवू. शेवट मात्र फोडू नये. 'तुंबाड'चा शेवट मला एका गिऱ्हाइकाने डबा उचलता उचलता सांगून टाकला होता, तिचं दळण मी त्या दिवशी सगळ्यांत शेवटी घेतलं.

आपली,
गिरणीवाल्या काकू,
डोंबिवली (पूर्व)

ता. क. : तुंबाडात म्हणे पाऊस कधी थांबतच नाही. अशा हवेत पीठ दुसऱ्या दिवशी गोळा होतं, त्याची अशी बारीक धार सोडून रिंगण आखता येत नाही. डबा घट्ट झाकणाचा असला पाहिजे. सिनेमात डबा नीट दिसला नाही.