सवलतीच्या यादीत आजाराचे नाव कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सांगलीतील एका महाविद्यालयात मी पदव्युत्तर शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मागील सत्रपरीक्षेच्या आधी आमच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जादा वेळ मंजूर झालेल्या विद्यार्थ्यांची यादी आली. नाव, बैठक क्रमांक, खोली क्रमांक आणि शेवटचा रकाना ‘कारण’. एकाच्या पुढे ‘उजवा हात फ्रॅक्चर’ असे होते आणि माझ्या पुढे ‘एडीएचडी (मानसिक)’. कंसातला तो शब्द डॉक्टरांच्या प्रमाणपत्रात कुठेही नव्हता. टंकलेखन करणाऱ्याने तो आपल्या समजुतीने जोडला असावा. थोड्या वेळाने यादी काढून टाकण्यात आली खरी, पण तोवर ती कुठवर पोहोचली होती, हे रात्री मेसमध्ये ताट घेऊन बसल्यावर मला कळले.

एडीएचडी ही लक्ष टिकवणे अवघड करणारी, मेंदूच्या वाढीशी निगडित अवस्था आहे. तिची लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षाआधीच दिसू लागलेली असतात, मात्र ‘हुशार आहे, पण लक्ष नसते’ या प्रगतिपुस्तकातल्या एका शेऱ्यावर ज्यांची शाळा निभावून जाते, त्यांचे निदान पुष्कळदा महाविद्यालयात, घरातील हाका आणि शाळेची घंटा सुटल्यावर होते. माझे निदान एकविसाव्या वर्षी मिरजेत झाले. तेव्हापासून अभ्यासिकेत मी भिंतीकडे तोंड करून बसतो, फोन चालकांच्या टेबलाच्या खणात ठेवतो आणि प्रश्नपत्रिका हातात पडताच प्रत्येक प्रश्नापुढे तो किती वाजता सोडायचा ती वेळ लिहितो. पूर्वी ‘किंवा’ हा शब्द नजरेतून निसटल्याने मी दोन्ही पर्याय सोडवत बसलो आहे. जादा वेळेमुळे मला न येणारे काही येऊ लागत नाही. प्रश्न दुसऱ्यांदा वाचायला फुरसत मिळते, इतकेच.

या सवलतीसाठी माझा अर्ज वर्गसमन्वयक, विभागप्रमुख, कार्यालय आणि परीक्षा विभाग अशा चार टेबलांवरून फिरला आणि प्रत्येक ठिकाणी प्रमाणपत्र उघडून वाचले गेले. एका टेबलावर तर त्याच कागदावर चहाचा कप ठेवला होता. कोणाच्या मनात वाईट हेतू होता असे मी म्हणत नाही. उलट एका प्राध्यापकांनी काहीही न विचारता माझे प्रकल्पाचे सबमिशन दोन टप्प्यांत घेतले आणि मला त्याचाच सर्वांत जास्त उपयोग झाला.

कायद्याची बाजू थोडी गुंतागुंतीची आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार नोंदवलेले आहेत. त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता आहेत, पण एडीएचडीचे स्वतंत्र नाव नाही. किमान ४० टक्के दिव्यांगत्वाची अट पूर्ण होत नाही एवढ्यावरून परीक्षेत लेखनिक नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विकास कुमार यांच्या प्रकरणात सांगितले असले, तरी आमच्यासारख्यांचे काम अजून बरेचसे समोरच्याच्या समजूतदारपणावर चालते. कायद्याच्या यादीत एडीएचडीचे नाव नसल्यामुळे प्रत्येक टेबलावर स्वतःविषयी अधिक सांगावे लागते आणि जितके सांगावे तितके ते बाहेर फुटण्याची भीती वाढते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ ने रुग्णाच्या माहितीची गोपनीयता राखण्याचे बंधन उपचार करणाऱ्यांवर घातले आहे. परंतु तोच कागद दवाखान्यातून महाविद्यालयाच्या फाइलीत आला की त्याची राखण कोण करणार, हे आमच्या कार्यालयात कोणीच ठरवलेले नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा नऊ न्यायमूर्तींचा निकालही २०१७ चाच आहे.

औषधाच्या दुकानातही हाच अनुभव येतो. मेथिलफेनिडेट हे एडीएचडीवरचे औषध १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत येत असल्याने दुकानदाराने चिठ्ठी तपासून घेणे योग्यच आहे, पण काउंटरवर पाच गिऱ्हाइके उभी असताना ‘हे कशासाठी चालू आहे?’ असे मोठ्याने विचारण्याची गरज नसते.

‘लपवायचे कशाला, उघड बोलल्यानेच गैरसमज जातील,’ असे एक मित्र म्हणतो. मी स्वतः दोघा-तिघांना सांगितले आहे. पण कोणाला आणि कधी सांगायचे, हे मी ठरवायला हवे. सध्या घरी बहिणीच्या स्थळाची बोलणी चालू आहेत आणि पुढच्या महिन्यात माझ्या नोकरीच्या मुलाखती आहेत. सांगली-मिरजेसारख्या, एकाचा पाहुणा दुसऱ्याचा शेजारी निघणाऱ्या गावांत ‘मानसिक’ हा एक शब्द किती घरे फिरून येतो, हे वेगळे सांगायला नको.

प्रमाणपत्र बंद पाकिटात एकाच जबाबदार अधिकाऱ्याकडे द्यावे, त्याने पडताळणी करून ते कुलपात ठेवावे आणि पुढे फक्त ‘बैठक क्रमांक अमुक, खोली अमुक, ताशी इतकी मिनिटे जादा’ एवढेच कळवावे. पर्यवेक्षकाला याहून अधिक काही माहीत असण्याचे कारण नाही. सांगली, सातारा आणि कोल्हापूर जिल्ह्यांतील महाविद्यालये ज्या शिवाजी विद्यापीठाला संलग्न आहेत, त्याने याबाबत एक स्पष्ट परिपत्रक काढले, तर ‘कारण’ हा रकाना सगळीकडून एकदमच जाईल. आमच्याकडची पुढची परीक्षा जवळ आली आहे आणि अर्जाचा नमुना अजून जुनाच आहे.

मूळ पत्रावर माझे नाव व पत्ता दिला आहे. तो कृपया छापू नये.

— एक विद्यार्थी, विश्रामबाग, सांगली