पदकाच्या पाठीवरचा नंबर

लालबाग, मुंबई
रविवार

प्रिय बंड्या,

परवा फोनवर तू म्हणालास, "तुझ्या आजोबांची फौजेतली नोंद सापडली, मग माझ्या पणजोबांची का नाही सापडणार?" तेवढ्यात लोकल आली आणि बोलणं तुटलं. तसंही हे प्रकरण फोनवर उरकण्यातलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

नावावरून माणूस सापडेल ही आशा आधी सोड. सखाराम, तुकाराम, गणपत एकेका पलटणीत ढिगाने होते. त्यात गोऱ्या साहेबाने कानाला ऐकू आलं तसं इंग्रजीत लिहिलेलं आडनाव. फौजेत माणूस म्हणजे नंबर, आणि तो नंबर हातात नसेल तर कोणी शोधायचं म्हटलं तरी शोधणार कुठे?

आमच्याकडे सगळे धरूनच चालले होते की आजोबा मराठा पलटणीत होते आणि बर्मात लढले. कोकणातला मराठा गडी, दुसरीकडे जाईल कशाला! थोरल्या काकांनी त्या हिशेबाने बेळगावला, मराठा लाइट इन्फंट्रीच्या अभिलेख कार्यालयाला पत्र लिहिलं. अशी नोंद नाही, असं उत्तर आलं. काकांनी ते मनाला लावून घेतलं. मी काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात जाऊन बसलो. तिथे मुंबई सरकारच्या खात्यांचं जुनं दप्तर आहे, वाचत बसलं तर दिवस जातो, पण शिपायाचा वैयक्तिक कागद तिथे नसतो. तू सुट्टी घेऊन तिथे येऊ नकोस.

नंबर होता घरातच, आजीच्या पत्र्याच्या ट्रंकेत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश शिपायांना मिळालेले स्टार, म्हणजे ताऱ्याच्या आकाराची पदकं, पाठीमागून कोरे असतात. आपल्या हिंदी फौजेच्या पदकांवर मात्र नंबर, हुद्दा, नाव आणि तुकडी ठोकलेली असते. आम्ही लहानपणी त्या स्टारशी खेळलोय. एकाची फीत लाल-पांढरी-हिरवी, म्हणून ते पंधरा ऑगस्टला मिळालेलं पदक असावं असा आमचा समज होता! ती फीत इटलीच्या झेंड्याच्या रंगांची. ११ जून १९४३ ते ८ मे १९४५ या काळात तिकडच्या मोहिमेत असलेल्यांना मिळणारा तो इटली स्टार. सोबत आफ्रिका स्टार. बर्मा स्टार नाहीच. पाठीमागे भिंग धरलं तर ड्रायव्हर, आणि शेवटी आर. आय. ए. एस. सी., म्हणजे रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअर. दाणागोटा, पेट्रोल, दारूगोळा पोचवणारं खातं.

काका म्हणाले, "म्हणजे लढले नाहीतच?"

मला हा प्रश्न अजून खटकतो. आठवी हिंदी डिव्हिजन १९४३च्या सप्टेंबरात तारांतोला उतरली आणि नोव्हेंबरात सांग्रो नदीवर झुंजत होती. पाऊस, चिखल, फुगलेली नदी. आघाडीवरच्या माणसाला जेवण आणि काडतूस कोणीतरी रात्रीच, दिवे न लावता नेऊन द्यायचं होतं, आणि तोफा काही गाडी बघून गोळे टाकत नसतात. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना पुढे इटलीतच व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे शौर्याचं सर्वोच्च पदक मिळालं, घाडग्यांना मरणोत्तर. आजोबांना असलं काही मिळालं नाही. मला ड्रायव्हर आवडला, एवढंच. आणि घरात कोणी कधी न विचारलेल्या गोष्टीचा उलगडा झाला: बैलगाडीखेरीज काही न हाकलेला माणूस १९४७च्या सुमाराला मुंबईत येऊन थेट बेस्टच्या स्टिअरिंगवर कसा बसला?

नंबर मिळाल्यावर पुढचं सरळ होतं. आजीला दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकाची विधवा म्हणून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून दरमहा मदत मिळायची. त्या अर्जाला जोडलेल्या डिस्चार्जच्या कागदाची प्रत तिथल्या फायलीत होती. त्यात भरतीची तारीख, नाव कापल्याची तारीख, कंपनी. कंपनी कळली की वॉर डायरी, म्हणजे तुकडीची रोजच्या घडामोडींची वही, बघता येते. इटलीतल्या तुकड्यांच्या डायऱ्या लंडनच्या क्यू भागातल्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये डब्ल्यूओ १७० या मालिकेत आहेत. पण डायरीत नावं असतात ती साहेबांची. शिपाई जखमी झाला तर "दोन इतर हुद्देवाले" एवढंच लिहिलेलं. त्यामुळे आजोबा मला तिथे भेटणार नाहीत. त्यांची गाडी कोणत्या रस्त्याने गेली ते कळेल, आणि तेवढंच मला हवंय.

आता तुझं. पणजोबा "बसऱ्याला गेले आणि परतले नाहीत", म्हणजे पहिलं महायुद्ध, मेसोपोटेमिया, आजचा इराक. तुमच्या भागातले पुष्कळ जण सहाव्या पुणे डिव्हिजनमधून गेले, आणि ती कुत-अल-अमारात अडकून २९ एप्रिल १९१६ला शरण गेली. वेढ्यात वाचलेल्यांतले पुष्कळ जण कैदेत चालता चालता मेले. ते त्यात होते की नाही हे गृहीत धरू नकोस, काकांचं बघितलंस ना! कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर शोध घेता येतो. थडगं नसलेल्यांचं स्मारक बसऱ्याला आहे. सद्दामच्या काळात, १९९७मध्ये, ते शहराबाहेर नासिरियाच्या रस्त्यावर हलवलं. त्या भिंतींवर हिंदी फौजेतल्या अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि शिपायांचे फक्त आकडे. शिपायांची नावं नोंदवहीत. याबद्दल कमिशनने २०२१मध्ये माफी मागितली, शंभर वर्षांनी. असो.

शोधताना जिल्हा म्हणून सांगली लिहू नकोस. तुमचं विटा तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं, आणि नोंदीत गाव-तालुका-जिल्हा हे तेव्हाचं असतं. आडनावाची तीन-चार स्पेलिंगं करून बघ. आडनावाच्या जागी बापाचं नावही असू शकतं.

घरातही बघ. मेलेल्या शिपायाच्या घरी तळहाताहून थोडी मोठी ब्राँझची चकती यायची, सिंह आणि बाई असलेली. तिच्यावर हुद्दा नसतो, नुसतं नाव, कारण मेलेल्यांत लहानमोठं करायचं नाही असं ठरलं होतं (वर भिंतीचं सांगितलंच!). नंबर हवा असेल तर चांदीच्या पदकाची कड बघ. पण ते चांदीचं असल्यामुळे कुठल्यातरी दुष्काळात सोनाराकडे गेलं असण्याचीच शक्यता जास्त. तुझ्या चुलतआजीला त्याबद्दल सरळ विचारू नकोस, आधी चहा पी, मग हळूच विषय काढ.

आणि गावच्या चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत संगमरवराची पाटी आहे का बघ. "या गावातून इतके महायुद्धात गेले, पैकी इतके मेले" अशा पाट्या सरकारने गावोगाव बसवल्या. नावं नसतात, पण तुझ्या पणजोबांचा एक आकडा त्यात मोजलेला असेल. पाटीला रंग फासला असेल तर आडवा प्रकाश पडतो तेव्हा, सकाळी लवकर फोटो काढ आणि मला पाठव. चकती मिळाली तर तिचाही, दोन्ही बाजूंनी. घासून लख्ख मात्र करू नकोस.

काका अजून रुसलेलेच आहेत. गणपतीला येशील तेव्हा तूच समजाव, तुझं ऐकतात.

तुझाच,
पक्या